घटसर्पवाले काका

खोली भाड्याने देण्याआधी घरमालक काय काय बघतात? कॉलेजचं पत्र बघतात, पासपोर्ट बघतात, फारच चौकस असले तर आडनाव विचारून गाव विचारतात. काकांनी माझा घसा बघितला.

विमानतळावरून मी थेट सिडनीच्या गिरावीन उपनगरात त्यांच्या दारात उतरले होते, दोन बॅगा, एक कुकर आणि सुजलेले पाय घेऊन. दार उघडलं ते एका उंच, किंचित वाकलेल्या, पांढऱ्या मिशीच्या माणसाने. त्याने मला नीट न्याहाळलं, खिशातून पेनाएवढी टॉर्च काढली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आ कर."

प्रवासाने मी इतकी बधीर झाले होते की मी खरंच आ केला. मग त्याने जीभ बाहेर काढायला सांगितली, तीही काढली. आतून एका बाईंचा आवाज आला, की अहो, तिला आधी घरात तरी येऊ द्या. त्यावर काकांनी आत कळवलं, "टॉन्सिल्स मोठे आहेत, पण पांढरं काही नाही. चालेल."

सिडनीत मला जागा मिळाली ती अशी, टॉन्सिल्सच्या जोरावर.

तो काळच तसा होता. आमच्यासारखी पोरंपोरी विमानं भरभरून उतरत होती. कुणी अकाउंटिंग शिकत होतं, कुणी कुकरी, आणि डोळा सगळ्यांचाच पीआरवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर. गिरावीनच्या ज्या गराजमध्ये गाडी नव्हती त्यात हमखास विद्यार्थी होते. काकांच्या गराजमध्ये माझ्या आधीपासून कोल्हापूरची शलाका राहत होती. तिने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं की माणूस देव आहे, फक्त त्याच्यासमोर खोकायचं नाही. तिला एकदा चिंचेची गोळी चघळून ठसका लागला होता, तर काकांनी तिला खिडकीपाशी उजेडात उभं केलं होतं.

काका कौन्सिलमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, रिटायर झालेले हेल्थ इन्स्पेक्टर. सत्तरच्या दशकात इकडे आले आणि पुढचं सगळं आयुष्य हॉटेलांची स्वयंपाकघरं, तुंबलेली गटारं आणि कोंबड्यांची खुराडी तपासण्यात गेलं. नोकरी सुटली, पण तपासणी काही सुटली नाही. वेंटवर्थव्हिलच्या मेन स्ट्रीटवरच्या आपल्या लोकांच्या किराणा दुकानात ते शिरले की दुकानदार आधी श्रीखंडाचे डबे मागे सरकवायचा. काका फ्रीजमध्ये हात घालून डोळे मिटायचे आणि हातानेच टेम्परेचर सांगायचे. गंमत म्हणजे ते बरोबर असायचं. काकू त्यांच्याबरोबर खरेदीला कधीच जात नसत. त्या म्हणायच्या, मला त्या दुकानात पुन्हा जायचं असतं.

पण गटारं आणि खुराडी हा झाला धंदा. प्रेम त्यांनी केलं ते एकाच गोष्टीवर, घटसर्पावर. डिप्थेरिया म्हटलं तरी चालायचं, पण घटसर्प म्हणताना त्यांच्या तोंडाला चव यायची. कुठलाही विषय काढा, काका तिसऱ्या वाक्याला घटसर्पावर पोचायचे. शलाका आणि मी पैज लावायचो. मी एकदा क्रिकेटपासून सुरुवात केली आणि जिंकणार याची मला खात्री होती, तर काका म्हणाले की मैदानातल्या पॅव्हेलियनमध्ये पूर्वी काय असायचं माहीत आहे का, लसीचं क्लिनिक. मी मुकाट्याने भांडी घासली.

काकू शांतपणे म्हणायच्या, "ह्यांचं पहिलं लग्न घटसर्पाशी झालंय. मी आपली दुसरी."

त्यात तथ्य होतं. काका चार-पाच वर्षांचे असताना कोकणातल्या त्यांच्या गावात त्यांना घटसर्प झाला होता. घशात पांढरा पडदा धरला, श्वास कोंडला. आईने बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथे टेबलावर आडवं करून चार माणसांनी हातपाय धरले आणि डॉक्टरांनी गळ्याला खाली भोक पाडून त्यात नळी बसवली. आवाज घोगरा झाला तो तेव्हापासून. आईला बाहेर थांबवून दार लावून घेतलं होतं. त्या दाराच्या पलीकडे वाजणाऱ्या तिच्या बांगड्या, एवढंच काय ते त्यांना आठवायचं.

हा किस्सा ऐकून माणूस हळहळेल ना? पण काका तो कुणाच्याही बर्थडे पार्टीत सांगायचे, हातात बटाटेवडा असताना. शर्टाची वरची दोन बटणं काढून गळ्यावरचा व्रण दाखवायचे आणि समोरच्याला विचारायचे, हात लावून बघायचाय का? बिचारे नवे आलेले आयटीवाले घास तोंडात धरून माना हलवायचे. मला तर नंतर नंतर त्यांचा हात कॉलरकडे जाताना दिसला की मी लोकांच्या पुढ्यातल्या प्लेटा उचलायला लागायचे.

काकांचं एक दैवत होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ह्याच भागात काम करणारा कौन्सिलचा एक इन्स्पेक्टर. काकांनी त्याला पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या बाईंचं खुराडं तपासायला गेले असताना त्या बाईंनी ह्याच्या गोष्टी सांगितल्या, कारण लहानपणी त्या स्वतः त्याच्या रांगेत उभ्या होत्या. काका त्यांचं खुराडं मग वर्षानुवर्षं तपासत राहिले. इतकं तपासलेलं खुराडं अख्ख्या न्यू साउथ वेल्समध्ये नसेल.

तर हा इन्स्पेक्टर सायकलवरून हिंडायचा. आधीच्या काळात त्याचं काम म्हणजे घटसर्प झालेलं मूल हॉस्पिटलात पाठवायचं, फाटकावर नोटीस लावायची आणि घरात धुरी द्यायची. साहजिकच त्याची सायकल दिसली की लोक दारं लावून घ्यायचे. मग लस आली आणि तीच दारं त्याला पुन्हा उघडून घ्यायची होती. त्यात तिकडे क्वीन्सलंडमध्ये एका गावात दूषित लशीने लहान मुलं दगावली होती, ती बातमी घराघरांत पोचलेली. आया भेदरल्या होत्या. काका गोष्टीत इथवर आले की म्हणायचे, त्या आयांना वेडं म्हणणारे खूप होते, पण माझ्या माणसाने नाही म्हटलं. तो आपला स्वयंपाकघरात बसायचा, कोंबड्या कशा आहेत विचारायचा, पाण्याची टाकी बघायचा, चहा घ्यायचा आणि निघून जायचा. लशीचं नावच काढायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाईच विचारायची, की त्या सुईचं काय खरं आहे हो?

क्लिनिकच्या दिवशी तो गावचा बॅण्ड बोलवायचा. रांग लागली की सगळ्यांसमोर आधी स्वतःची बाही वर करायचा, स्वतःला सुई टोचून घ्यायचा आणि मग पोरांकडे वळायचा. हे सांगताना काका आपली बाही कोपरापर्यंत वर करून दाखवायचे. आम्ही ते इतक्यांदा पाहिलं होतं की शलाका मागे उभी राहून त्यांच्याबरोबरच स्वतःची बाही वर करायची.

लस एकदा घेऊन भागत नसे, पुन्हा पुन्हा जावं लागे. लोक पहिल्यांदा भीतीने येतात, दुसऱ्यांदा लाजेने येतात, पण तिसऱ्यांदा येत नाहीत, असा काकांचा सिद्धांत होता. म्हणून तो इन्स्पेक्टर तिसऱ्या वेळेला पोरांना आइस्क्रीम द्यायचा. हा तिसऱ्या खेपेचा कायदा काकांनी अख्ख्या जगाला लावून टाकला होता. मला त्यांनी गाडी शिकवली तेव्हा तिसऱ्या दिवशी मी कचऱ्याचा डबा उडवला, तरी आइस्क्रीम मिळालं.

आता मुख्य गोष्ट. शेजारच्या घरात मृणाल आणि तिचा नवरा राहायचे, दोघंही आयटीतले, आणि त्यांचं सहा महिन्यांचं बाळ ओजस. मृणालची रजा संपत आली होती. म्हणून तिच्या सासूबाई कराडहून आल्या होत्या आणि जानेवारीच्या शेवटी बाळाला घेऊन कराडला परतणार होत्या. बाळाचे घटसर्पाच्या लशीचे दोन डोस झाले होते, तिसरा राहिला होता. आणि आजींनी जाहीर केलं होतं की तिसरा होणार नाही, इथे नाही आणि कराडलाही नाही.

आजी म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. जन्मभर बालवाडी चालवलेली बाई. त्यांच्यासमोर मीसुद्धा नकळत ओळीत उभी राहायचे. दुसऱ्या डोसनंतर ओजस दोन दिवस तापाने फणफणला होता आणि त्यांच्या मांडीवरून उतरला नव्हता. त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात थोडा ताप येणारच. येणार असेल, पण हात माझे भाजत होते. मृणालला डोस द्यायचा होता, पण आजींनी हात वर केले तर बाळ सांभाळणार कोण आणि नोकरीचं काय? एके दिवशी ती आमच्या गराजमध्ये येऊन बसली आणि रडायला लागली. शलाकाने तिला कांदे चिरायला दिले, म्हणजे कुणी आलं तर कारण दाखवता येईल.

हे काकांच्या कानावर गेलं. शेजारच्या घरात सहा महिन्यांचं बाळ, तिसरा डोस, आणि आडवी आलेली आजी. जन्मभर दुसऱ्याचं युद्ध सांगत हिंडलेल्या माणसाला त्याचं स्वतःचं युद्ध कुंपणापलीकडे सापडलं. काका टॉर्च घेऊन तडक निघाले आणि त्यांनी माती खाल्ली. आजींनी दार उघडताक्षणी काकांनी कॉलर उघडली, व्रण दाखवला, पांढरा पडदा कसा धरतो ते सांगितलं, बाळ निळं कसं पडतं तेही सांगितलं. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, माझ्या दारात उभं राहून माझ्या नातवाबद्दल असलं अभद्र बोलायचं नाही, आणि दार लावून घेतलं.

काका इतके खचलेले मी कधी पाहिले नव्हते. शलाका मुद्दाम त्यांच्यासमोर दोनदा खोकली, तरी त्यांनी टॉर्च काढली नाही. शेवटी काकूच बोलल्या. चहाचा कप पुढे ठेवून म्हणाल्या, "तुमचा तो सायकलवाला असं करायचा का हो?"

काकांनी चहा संपवला. मग उठले, शर्टाचं गळ्याचं बटण लावलं आणि बागेतलं कढीपत्त्याचं रोप कुंडीसकट उचलून शेजारी गेले. त्यांची कॉलर बंद असलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवशी ते फक्त कढीपत्त्याबद्दल बोलून परत आले. दोन दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा आजींनी चहा दिला. मीही बरोबर होते, कारण काकूंनी मला पहारा ठेवायला पाठवलं होतं. आजींनीच विचारलं की एवढी वर्षं नोकरीत काय केलंत? काकांनी त्यांना सायकलवाल्या इन्स्पेक्टरची सगळी गोष्ट सांगितली, क्वीन्सलंडच्या मुलांसकट, काही न लपवता. बाही वर करूनही दाखवली. बटणाला मात्र हात लावला नाही. आजी म्हणाल्या, चांगला होता तुमचा माणूस. बस, एवढंच.

तिसऱ्या खेपेला काय करायचं हे काकांना लगेच सुचलं. संक्रांत तोंडावर होती आणि ओजसचं पहिलं बोरनहाण व्हायचं होतं. त्यांनी कौन्सिलचा हॉल मागितला. आजींना त्यांनी सरळच सांगितलं, की शेजारच्या खोलीत त्याच सकाळी लसीचं क्लिनिक असतं. तुम्हाला वाटलं तर तिकडे जाऊ, नाही वाटलं तर तिळगूळ खाऊन घरी येऊ. आजींनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "बालवाडीतली पोरंसुद्धा ह्याहून बरा बनाव करतात. येते मी. पुढचं तिथे बघू."

बोरं मिळेनात. वेंटवर्थव्हिलचं एकूण एक दुकान पालथं घातलं, शेवटी जानेवारीत इथे ढीगभर मिळतात म्हणून चेरी घेतल्या. चुरमुरे होते, ऊस एका व्हिएतनामी दुकानात मिळाला, हलव्याचे दागिने आजींनी कराडहूनच आणले होते. आणि संक्रांत म्हटल्यावर काळे कपडे आलेच. बायका काळ्या साड्यांत, काका काळ्या झब्ब्यात, आमच्या ओळखीची झाडून सगळी विद्यार्थी मंडळी काळ्या टी-शर्टांत. बाहेर ऊन असं की कार पार्कचं डांबर चपलांना चिकटत होतं. ह्या सगळ्या काळ्या मिरवणुकीच्या पुढे आजी, त्यांच्या कडेवर काळ्या झबल्यातला ओजस, डोक्यावर हलव्याचा मुकुट.

क्लिनिकची नर्स दारातच उभी होती. काकांना ती ते नोकरीत असल्यापासून ओळखत होती. तिने आम्हाला येताना पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि पुढे येऊन काकांचे दोन्ही हात धरले. म्हणाली, "ओह डार्ल, आय अ‍ॅम सो सॉरी. हू वॉज इट?" तोवर आतून दुसरीने खुर्च्या आणि पाणी आणलंही होतं. कुणी गेलेलं नाही, सण आहे, हे समजावता समजावता काकांचा घोगरा आवाज आणखी बसला. जानेवारीत थंडी असते म्हणून आम्ही ऊब देणारा काळा रंग घालतो, असं त्यांनी सांगितलं. नर्सने खिडकीबाहेर बघितलं, आमच्या घामाघूम चेहऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, नो वरीज.

हॉलमध्ये पाटावर बाळाला बसवायचं, तेवढ्यात नर्सने दार किलकिलं करून ओजसचं नाव घेतलं. मृणाल पुढे झाली, पण आजींनी बाळ सोडलं नाही. बाळासकट त्या आत गेल्या आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे. काका म्हणाले, तुमची इच्छा नसेल तर आत्ता परत जाऊ.

आजी म्हणाल्या, "थांबा. तुमचा तो इन्स्पेक्टर आधी स्वतःची बाही वर करायचा ना? मग करा वर."

काका हसले, पण ते हसू मिशीच्या पुढे गेलं नाही. म्हणाले, मला तर घटसर्प होऊन गेलाय, मला काय गरज? मृणालने ते नर्सला इंग्रजीत सांगितलं. नर्स म्हणाली, एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही असं काही नाही, आजीआजोबांच्या वयाच्यांना देतात ती घटसर्पाची लस आज आहे माझ्याकडे. आणि मग तिने, हसत हसत, वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं बाहेर काढलं. स्टाफला लस द्यायचा दिवस आला की ह्या गृहस्थांना नेमकी कुठेतरी साइटवर तपासणी निघायची. एकदाही सापडले नाहीत. आम्ही सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "सुई दिसली की हा माणूस गायब. मी काय सांगू आता?"

शलाकाने तोंडात रुमाल कोंबला. मलाही हसू फुटलं होतं, पण काकांकडे बघितलं आणि ते जागच्या जागी विरलं. ते त्या खोलीतल्या टेबलाकडे बघत होते. दोन पावलांवर दार होतं आणि ते जाऊ शकले असते. मृणाल त्यांच्याकडे एकटक बघत होती, तिचं सगळंच त्या एका दंडावर येऊन ठेपलं होतं. मला वाटलं, देवा, ह्या माणसाला आज पळू देऊ नकोस.

काका खुर्चीत बसले. बाही वर करायला हात गेला आणि सवयीने गळ्याचं बटणच उघडलं गेलं. व्रण दिसला. आजींनी तो ह्या वेळी नीट बघितला. मग बाळ मृणालकडे दिलं, माझ्या हातातला चुरमुऱ्यांचा वाडगा घेतला आणि काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी डोळे गच्च मिटले होते. नर्सने बाही वर सरकवली, तसं काका अगदी बारीक आवाजात म्हणाले, "दार लावू नका."

"उघडंच आहे बाळा," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी वाडगा काकांच्या डोक्यावर रिता केला.

चुरमुरे, हलवा, उसाचे करवे, चेरी, सगळं धबाधबा कोसळलं. क्लिनिकच्या रांगेतली गोरी, चिनी, लेबनीज, आपली, सगळ्या देशांची पोरं खाऊवर तुटून पडली. कुणीतरी काकांच्या पायांमधून शिरलं. आजींच्या हातातल्या बांगड्या काकांच्या कानाशी वाजत होत्या आणि त्या गोंधळात नर्सने आपलं काम कधी उरकलं ते कुणाला कळलंच नाही. काका डोळे मिटून तसेच, मिशीत चुरमुरे घेऊन बसलेले. आजींनी त्यांच्या गालावर हलकी चापट मारली आणि सांगितलं की झालं, उघडा डोळे. पाठोपाठ ओजसचा नंबर लागला. तो एकदा कळवळून रडला आणि मग मुकुटातला हलवा चाटायच्या नादाला लागला. मृणाल हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, मीही तेच करत होते.

त्या जमिनीवर पुढे तासभर झाडू मारला आम्ही. मी वाकून कपाटाखालच्या चेरी काढत होते, तेव्हा मागून ओळखीचा आवाज आला. वळून पाहिलं तर काका आजींसमोर उभे होते, दंडाला कापूस, हातात टॉर्च.

"आ करा," काका म्हणाले.

आणि जन्मभर पोरांना ओळीत उभं केलेल्या त्या आजींनी, कमरेवर हात ठेवून, जीभ काढून, हा एवढा मोठा आ केला.